धुराडं बघून येतो

अजून कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने कुणा माणसाविषयी लिहायला बसावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलेले नाही. त्यामुळे लिहिताना सारखे वाटते, की मागून कुणीतरी येईल आणि विचारील, 'तुला हे कुणी सांगितले?' कुणी सांगितले नाही. पण मामू बोलता बोलता मध्येच उठत आणि म्हणत, "थांब जरा, धुराडं बघून येतो." ते वाक्य आठवले की मलाही एका जागी बसवत नाही. म्हणून लिहितो.

मामू आमच्या बोर्डिंगशेजारच्या कापसाच्या गिरणीत आगवाले होते. सरकी काढण्याची यंत्रे वाफेवर चालत आणि त्या वाफेसाठी बॉयलरखालची भट्टी पेटती ठेवणे हे त्यांचे काम. अंगाने बुटके, खांदे रुंद, आणि भुवया म्हणाल तर जवळजवळ नाहीतच. भट्टीचे दार उघडता उघडता त्या कधीच जळून गेल्या होत्या. भुवया नसल्यामुळे चेहरा सदा आश्चर्य वाटल्यासारखा दिसे.

तुम्ही कोळसा घालणारे पुष्कळ पाहिले असतील. फावड्यावर फावडी भरून भट्टीत ढीग लोटायचा आणि मग चिलीम ओढत बसायचे. मामूंना बसणे ठाऊकच नव्हते. ते फावडे अर्धेच भरत, कोळसा हाताच्या झटक्याने भट्टीभर पातळ पसरत, दार लावत आणि पळत बाहेर येत. डोळ्यांवर हात धरून धुराड्याच्या टोकाकडे पाहत. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. "कोळसा टाकायचा न्हाई, पेरायचा," असे ते हाताखालच्या दोघा आगवाल्यांना सांगत. ते दोघे वैतागत. "मामू, पेरून उगवणार काय हाय त्यात?" असे एकाने एकदा विचारले. मामू तोवर धुराडे बघायला बाहेर गेले होते.

सुट्टीच्या दिवशीही मान वरच. लग्नाच्या पंगतीत घास हातात धरून मांडवाबाहेर आलेले मी त्यांना पाहिले आहे. एका मयतीला खांदा देताना त्यांची मान अशीच वर गेली. मागच्याने हळूच म्हटले, "वर काय बघतोस मामू? तुझी पाळी यायची हाय अजून." सारे हसू दाबत पुढे चालले.

ही ओढ कशाची, ते सांगायला हवे. गिरणी आणि आमचे बोर्डिंग यांच्यामध्ये एक ओढा आहे आणि ओढ्याकाठी परटांचे वाळवणाचे मैदान. वारा तिकडे वळला की दोऱ्यांवरच्या पांढऱ्या धोतरांवर काजळी उतरे. मग परटीण आत्या कमरेवर हात ठेवून ओढ्याच्या अलीकडून ओरडे, "मामू! तुझ्या धुराड्यानं फेट्याला तीळ पाडलं बघ! आता हे काय संक्रांतीला वाटू?" मामू गिरणीच्या भिंतीवरून डोके काढून म्हणत, "धू आणिक एकदा, बहिणी. मी बघतो." आत्या दर भाऊबीजेला मामूंना ओवाळी. कधीपासून, ते त्या दोघांनाही सांगता येत नसे.

तक्रारी वाढल्या तेव्हा मालकांनी परटांना बोलावून घेतले. जागा गिरणीची होती. मालक म्हणाले, "कपडे काळे होतात, तर वाळवण हलवा. ओढ्याच्या खालच्या अंगाला जा." खालच्या अंगाला म्हणजे गावापासून इतके लांब, की ओल्या कपड्यांची ओझी वाहून गिऱ्हाईक टिकवणे कुणाला जमले नसते. सगळी आळीच उठली असती. परीट मंडळी खाली मान घालून उभी राहिली. तेवढ्यात मागून मामू बोलले, "वाळवण हलणार न्हाई, शेट. धूर मी हलवतो."

सगळे हसले. मालकही हसले. "हलव की! न्हाई हलला तर दिवाळीनंतर जागा मोकळी."

त्या दिवसापासून मामूंचे धावणे दुप्पट झाले. एकदा मला बोर्डिंगच्या दारात गाठून त्यांनी विचारले, "कालिजवाले, धुराचं काय शिकिवत्यात का तुमच्यात?" मला नीट येत नव्हते. तरी धड्यात वाचलेले आठवून चाचरत म्हणालो, "धूर म्हणजे न जळलेला कोळसाच असतो, मामू. हवा पुरली नाही की तसाच उडून जातो."

त्यांनी धुराड्याच्या टोकाकडे बोट केले. "म्हंजे ते वर चाललंय ते आपलंच?"

हे त्यांना इतके पटले, की त्यांनी ते गावभर सांगितले. मालकांनाही सांगितले, "शेट, तुमचा कोळसा आभाळात चाललाय!" मग हवा पुरवायची म्हणून त्यांनी राखेकडचे दार सताड उघडले. भट्टी गार पडली, वाफ उतरली आणि सगळी यंत्रे कुरकुरत थांबली. मालकांचा आवाज आमच्या बोर्डिंगपर्यंत आला. संध्याकाळी मामू मला म्हणाले, "कालिजवाले, तुमचं वारं जरा जास्त झालं." त्यात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी दार थोडे लावून पाहिले, मग आणखी थोडे. कोळसा आणखी पातळ. पावसाळा सरता सरता धुराड्यातून उदबत्तीसारखी एक रेघ निघू लागली. आत्याने ओरडायचे थांबवले. मामूंना त्याचीही काळजी. "आज बोलली न्हाई. बरी हाय न्हवं?"

आणि दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या कोल्हापुरात पांढरा कपडा घरात सापडायचा नाही. सीमोल्लंघनाला महाराजांची स्वारी निघते, सारे शहर मागे लोटते आणि प्रत्येकाला आपला फेटा शुभ्र हवा असतो. ते सारे फेटे, धोतरे, अंगरखे त्या दिवशी आत्याच्या दोऱ्यांवर होते. आमचेही होते. ओढ्याकाठी बगळे उतरल्यासारखे दिसत होते.

नेमके त्याच दुपारी बाहेरगावचे कापसाचे व्यापारी यायचे होते. मालक स्वतः भट्टीपाशी आले. मी मामूंना उद्याच्या सीमोल्लंघनाला बोलवायला तेव्हा तिथेच गेलो होतो.

"हे काय मामू? धुराड्यावर धूरच न्हाई. लांबनं येणाऱ्याला वाटंल गिरणी बंद पडली. जरा काळा धूर काढ."

"उद्या सांजंला कितीबी काढतो, शेट. आज वाळवण हाय."

"अरे, धूर न्हाई त्या घरी पाव्हणा थांबत न्हाई. चूल पेटलेली दिसाय नको?"

मामू म्हणाले, "चुलीचा धूर बाई डोळं पुसत सोसती, शेट. पाव्हणा कौतुक करतो ते भाकरीचं."

मालक वळले. मला वाटले, जिंकले मामू. पण मालकांनी फावडे उचलून दुसऱ्या आगवाल्याच्या हातात दिले. "टाक रे ढीग."

त्याने मामूंकडे पाहिले, मग मालकांकडे, आणि ढीग टाकला. मामू पळत बाहेर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिले नाही. ते थेट ओढ्यात उतरले आणि गुडघाभर पाण्यातून ओरडत निघाले, "उचला! कपडे उचला! बहिणी, दोऱ्या सोड!"

मी बोर्डिंगकडे धावलो. पोरे बाहेर आली. जातीपातीचा विचार करायला कुणालाच उसंत नव्हती. ज्याच्या हाताला जे लागले ते छातीशी धरून तो पळत सुटला. धुराड्यातून काळा लोट निघाला, जरा वर थांबला आणि ओढ्याकडे वाकला. तोवर मैदान रिकामे झाले होते. बोर्डिंगच्या दिवाणखान्यात, बाकांवर, खिडक्यांवर, आमच्या ट्रंकांवरसुद्धा ओले फेटे पसरले होते. आत्या मध्ये बसून धापा टाकत हसत होती. "मामू, तुझ्यापायी आज सगळा गाव एका खोलीत वाळाय लागला की!" मामू दारातच उभे होते, भिजलेले. आत या म्हटले तर म्हणाले, "नको. माझं हात काळं हायेत."

वारा पालटला तसा काळा लोट रिकाम्या मैदानावरून माघारी फिरला आणि गिरणीच्या अंगणात उतरला. तिथे पाहुणे बसले होते. त्यांच्या पगड्यांवर काय उतरले, ते मी सांगत नाही. पुढे वाळवण हलवण्याची भाषा मालकांनी पुन्हा काढली नाही. पण त्या दिवशी कामावरून काढलेल्या मामूंना त्यांनी परत घेतलेही नाही.

दिवाळी होताच मामू सोलापूरकडे भाच्याकडे गेले. तिकडच्या एका गिरणीत आगवाल्याची जागा होती. स्टेशनवर आत्या आणि मी गेलो होतो. गाडीचे इंजिन काळा धूर ओकत होते. मामू डब्यातून उतरून इंजिनाकडे निघाले. आत्याने त्यांचा सदरा धरला. "बस की आता! ते काय तुझं हाय?" ते बसले, पण मान बाहेरच.

त्यानंतर ते दर भाऊबीजेला येत. यंदा तापाची साथ आली. आमचे बोर्डिंगही काही दिवस रिकामे होते. भाऊबीजेला आत्याने तबक मांडले, वात लावली आणि मला म्हणाली, "तू बस तोवर, येईल गाडी." संध्याकाळी दारात मामू नव्हते. त्यांचा भाचा होता.

तो उंबऱ्याशी चपला काढून आत आला. मग बसला आणि सांगू लागला. मामूंना ताप आठवडाभर होता. उठता येत नव्हते. खाटेवरून सारखे म्हणत, "मला न्हाई जमत. तू जा, धुराडं बघून ये." शेवटच्या दिवशी तो बाहेर जाऊन आला.

"कसं हाय?" मामूंनी विचारले.

"साफ हाय, मामू. पलीकडचं आभाळ दिसतंय."

"गिरणी चालू हाय न्हवं?"

"चालू हाय."

मामूंनी डोळे मिटले. म्हणाले, "मग जमलं म्हणायचं कुणाला तरी."

 भाच्याने तबकातली वात सारखी केली. मग आत्याकडे न बघता म्हणाला, "साथीनं गिरणी बंद पडलीती, मावशी. भट्टीत इस्तूच नव्हता."