तपासणीच्या दिवशीचा चहा

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका केंद्रात व्यवसायोपचार शिकवत होते. अधू झालेल्या हातापायांना रोजची कामं पुन्हा शिकवायची, एवढाच त्याचा सरळ अर्थ. शिकणाऱ्या मुली महिनाभर खेड्यांत जाऊन हे काम करायच्या आणि मी तपासणीला जायचे. त्या मला घाबरायच्या. मी त्यांच्याहून जास्त घाबरायचे, पण ते माझ्या आवाजातून कधी कळलं नसावं.

जतकडच्या एका वाडीत मेंढपाळाची बायको होती. महारोग बरा झालेला, पण हात कायमचे बधिर. चटका बसला तरी तिला कळत नसे. त्या हिवाळ्यात उजव्या हाताचं मधलं बोट दोनदा चिघळलं होतं. तिसऱ्यांदा जखम झाली तर बोट राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथली आमची मुलगी विशीतली, मुंबईची. तिनं जुन्या वाकळेचे तुकडे शिवून, तापलेली भांडी धरायला जाड कापड करून दिलं होतं. तरी एसटीत बसल्यापासून माझा जीव त्या बोटात अडकला होता.

दारात घोंगडं टाकलं होतं. मी बसले आणि मुलीची उलटतपासणी सुरू केली. आत चूल पेटली होती. रोग्याच्या घरचा चहा नाकारायचा नाही, हा माझाच दंडक. या बाईकडे तर शेजारीपाजारी पाणीसुद्धा पीत नसत.

तिनं दोन्ही हातांनी पितळी पेला माझ्यापुढं धरला. तो एवढा तापला होता की मी पदरात घेतला, फुंकर मारली, खाली ठेवला आणि वहीत लिहिलं: 'स्वयंपाक व्यवस्थित जमतो.'

मुलगी माझ्या पदराकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अक्का, कापड कुठाय?"

"पिठाच्या डब्यामागं ठेवलंय. लय काळं झालंय. मोठ्या बाई यायच्या, त्यांच्यापुढं तसलं मळकं कसं धरू?"

"कालच मी म्हणाले, सगळं नीटनेटकं ठेवा म्हणून," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

मी बाईचा हात उलटा केला. त्याच बोटाची कातडी पांढरी होऊन सुटली होती.

"आवं, दुखत न्हाई," ती हसून म्हणाली. "तुमी च्या घ्या, निवतुय."

मुलीवर खेकसायला मी सवयीनं तोंड उघडलं. पण येते म्हणून आठ दिवस आधी कळवून सगळ्यांना धास्तावून सोडलं होतं ते मीच. मला भयंकर लाज वाटली. आम्ही हातावर पाणी ओतलं, पट्टी बांधली आणि मिळेल त्या गाडीनं तिला सांगलीला आणलं.

बोट वाचलं नाही. मधल्या पेरापासून काढावं लागलं. बोट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसले. माफी कशी मागावी ते मनात जुळवत होते, तेवढ्यात तीच बोलली.

"बाई, त्या दिशी च्या तसाच ठिवला तुमी. तुमीबी आमच्या घरचं घेत न्हाई व्हय?"