शकुनाचं दही

माझ्या मुलाच्या जांघेतली गाठ पहिल्यांदा माझ्याच हाताला लागली. आंघोळीच्या वेळी भोकाड पसरलं की ती लिंबाएवढी वर यायची आणि तो गप्प झाला की गायब. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, छोटं ऑपरेशन, सकाळी यायचं आणि संध्याकाळी घरी. "पण टाळू नका. आतडं अडकलं तर धावपळ होईल."

टाळायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. घरी आल्यावर नवऱ्याचं सुरू झालं, अजून एकाला दाखवू या, दोन वर्षांचं तर पोर आहे. मी म्हटलं, "तू मत घे, मी तारीख घेते." आणि घेतली.

सूचना एकच होती, पण कडक होती. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाता कामा नये. भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं. हे मी घरात सगळ्यांना बजावलं. सासूबाईंना तर दोनदा. त्या सांडोरकडच्या, भाजीच्या वाडीत जन्म गेलेला, विरारच्या या फ्लॅटमध्येही गॅलरीत अळू लावणाऱ्या. "पानीपन नाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाणीसुद्धा मी सांगेन तेव्हाच."

ऑपरेशनच्या दिवशी नवऱ्यानं रजा काढली, आम्ही सगळेच गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई पोराचं पोट तपासत म्हणाल्या, "सकाळपासून काही दिलंय?"

"थेंबही नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

"दहीसाखर दिली मी," मागून सासूबाईंचा आवाज आला. "निघताना. हातावर. शकुनाची."

डॉक्टरबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. आज करता येणार नाही म्हणाल्या. लहान मुलांचे सर्जन आठवड्यातून एकदाच यायचे आणि पुढच्या आठवड्यात जागा नव्हती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की दवाखाना आहे, माणसं बसलीत, कशाचं भान राहिलं नाही.

"अहो आई, इतकं घसा फोडून सांगितलं होतं ना!"

"ते काय जेवन आहे?" सासूबाई पुटपुटल्या. "एवढ्या मोठ्या कामाला पोर कोरड्या हातानं कसं धाडायचं?"

परत येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले. पोरगं मात्र मजेत बिस्किट खात होतं आणि चुरा आम्हा दोघींच्या मांडीवर सांडत होतं.

नवी तारीख यायच्या आधीच एका संध्याकाळी ती गाठ आत जाईना. कडक झालेली, पोर रडून लालबुंद. दवाखान्यात डॉक्टरांनी हलक्या हातानं दाबून दाबून ती आत घातली. पुन्हा असं झालं तर वाट बघू नका म्हणाले. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं. पण मनात भलतंच आलं. त्या दिवशी या बाई गप्प बसल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं? मी तर थेंबही नाही म्हणून मोकळी झाले होते. सून चारचौघांत फाडून खाईल हे ठाऊक असूनही त्या बोलल्या. हे त्यांना बोलून दाखवायला माझी जीभ काही वळली नाही.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी दह्यानं पोळले होते. दुसऱ्या खेपेला आदल्या संध्याकाळीच बिस्किटांचे डबे माळ्यावर गेले आणि दह्याचं भांडं शेजारणीकडे. नवऱ्याला परत रजा मिळाली नाही. म्हटलं, नसू दे, आम्ही दोघी आहोत.

सकाळी पोरानं दूध मागितलं. रडू द्यायचं नव्हतं, रडला की गाठ वर येणार. त्याला कडेवर घेऊन मी गॅलरीतून खालचे टेम्पो दाखवत राहिले. सातिवलीच्या गोदामांकडे निघालेला प्रत्येक टेम्पो आमचा मामाच चालवतोय, असं सांगत राहिले. सासूबाई लांबच होत्या. निघताना त्या देवापाशी दोन्ही हात पदराखाली धरून उभ्या होत्या, जणू हात दिसले तरी मी ओरडेन.

मी चप्पल परत काढली. शेजारणीकडून भांडं आणलं.

"नाय ग बाई, मी हातपन नाय लावला त्याला!" सासूबाई घाबरल्याच.

"माझ्या हातावर घाला," मी म्हटलं. "आज निभवायचं मलाच आहे."

त्यांनी डोळे पुसले, दह्यावर साखर घातली. मग पोराला घेऊन त्याचं तोंड लिफ्टकडे फिरवलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून तळहात चाटला.

डॉक्टरबाई त्याच. या वेळी माझ्याकडे न बघता थेट मागे बघून म्हणाल्या, "आजी, आज काय दिलं?"

"त्याला काय नाय. त्याच्या आईला दिलं."

डॉक्टरबाई हसल्या आणि पोराला घेऊन आत गेल्या. दार लागलं तरी त्याचं "आई, आई" ऐकू येत होतं. आत घुसावंसं वाटत होतं, पण मी बाक दोन्ही हातांनी धरून बसले. मग आवाज बंद झाला, ते तर जास्तच वाईट होतं. सासूबाईंनी माझा हात बाकावरून सोडवून आपल्या हातात घेतला. अजून चिकट होता.

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात तर..."

"गप कशी बसनार? माझ्याच हातचं त्याच्या पोटात होतं ना."

मला रडू फुटलं. त्यांनी फुटू दिलं.

नंतर दार उघडलं. सगळं व्यवस्थित झालं, डॉक्टर म्हणाले. आत माझं पोरगं बसलेल्या आवाजात दूध दूध करत होतं. मी धावले. सासूबाई मात्र दारातच थांबल्या आणि डॉक्टरबाईंची बाही धरून विचारू लागल्या, "आता देऊ? नक्की देऊ ना?"