मागचं डावं दार

गाडीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक "अरे वा, क्लासिक!" म्हणतात, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढतात आणि आमच्या आजोबांकडेही होती म्हणतात. यातल्या निम्म्यांच्या आजोबांकडे सायकल होती. पांढरी, गोल टपाची, फुगीर दारांची गाडी आहे, एवढं पुरे.

रविवारी सकाळी कॉलेज रोडला अशा गाडीवाल्यांची जत्रा भरते. डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर गॉगल. गाडी टेम्पोवर चढवून आणतात, टेम्पोवर चढवून परत नेतात आणि मधल्या वेळात चहा पितात. दार उघडलं की बिजागरी कोकलते, तर म्हणतात, हीच जुन्या गाडीची ओळख. मी सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली. करकर ही कसलीच ओळख नसते. लोखंडावर लोखंड घासत असतं आणि मालक झोपलेला असतो.

गाडी मुळात दादाची, माझ्या थोरल्या भावाची. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि वहिनींनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. घरात आता आई, वहिनी आणि मी. गाडी ठेवली ती आईसाठी. तिचे गुडघे वाकत नाहीत. नव्या गाड्यांत जमिनीला टेकायला गेल्यासारखं खाली बसावं लागतं. हिची सीट खुर्चीइतकी उंच आहे आणि मागचं दार सताड उघडतं. देवळाली कॅम्पला आईची धाकटी बहीण अंथरुणाला खिळून आहे. दर गुरुवारी आई मागच्या डाव्या दारातून गाडीत बसते, तासभर बहिणीचा हात धरून बसते आणि परत येते. बाकी आठवडाभर ती त्याच एका तासाबद्दल बोलते. ते दार अडलं की तिचा गुरुवार संपला.

दादा गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला वहिनींनी शिलाई मशीनला तेल घातलं आणि तीच कुपी घेऊन त्या गाडीपाशी आल्या. मला हसू आलं.

"वहिनी, ही गाडी आहे, ब्लाउज नाही," मी म्हणालो.

"तुमचे दादा हेच तेल घालायचे," त्या म्हणाल्या.

दादा शाळेत इतिहास शिकवायचा. त्याला तेलातलं काय कळणार? मी कुपी परत ठेवायला लावली आणि यापुढे गाडीला हात लावू नका, असं स्पष्ट बजावलं. त्यांनी बॉनेटवर झेंडूचं फूल ठेवलं आणि आत गेल्या.

मग मी बाजारातून लाल नळीचा फवाऱ्याचा डबा आणला. दर महिन्याच्या एक तारखेला चारही दारांच्या बिजागऱ्यांवर फुस्स. करकर बंद. आठ-दहा दिवसांनी ती परत यायची, मी परत फवारा मारायचो. मोबाइलवर व्हिडिओ बघून शहाणी झालेली गल्लीतली मंडळी आली की त्यांना व्याख्यान द्यायचो आणि दाखला म्हणून मागचं डावं दार उघडायचो. ते एका बोटाने ढकललं की आवाज न करता लागायचं. "याला म्हणतात निगा," मी सांगायचो. बाकीची तीन दारं अशी का लागत नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्याला असे प्रश्न पडत नसतात.

मागच्या महिन्यात कॅम्पहून निघताना ड्रायव्हरकडचं दार उघडलं आणि चार बोटं खाली लोंबलं. काही केल्या लागेना. शेवटी आईची शाल बांधून ते जागेवर धरलं आणि गाडी हळूहळू घरी आणली.

"माझं दारही असंच होणार का रे?" आईने मागून विचारलं.

"तुझ्या दाराला काही होत नाही," मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी सिन्नरकडचा एक म्हातारा मिस्त्री बोलावला. त्यालाही मी आधी माझी निगा सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बिजागरीची पिन ठोकून बाहेर काढली. मधोमध झिजून ती निम्मी झाली होती. तिच्याबरोबर तांबडी भुकटी गळली. मी फवाऱ्याचा डबा पुढे केला.

"साहेब, हे तेल नाय," तो म्हणाला. "हे गंज सोडवायचं औषध हाय. जाम नट याच्यानं सुटतो, पण आतलं तेल बी धुऊन जातं. मागून तेल घालायला लागतं. नुसतं हेच मारत राहिलात तर कोरडंच पडायचं."

डब्यावरचं बारीक अक्षर आधी वाचा, असं मी तीस वर्षं पोरांना दटावत आलो होतो.

दुसऱ्या दाराची तीच गत, तिसऱ्याची तीच. मग तो आईच्या दाराकडे वळला. आई ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसून बघत होती. पिन निघाली ती भरीव, गुळगुळीत, ओली. मिस्त्रीने ती माझ्या तळहातावर ठेवली. वास ओळखीचा होता. आमच्या घरात तो एकाच कुपीला येतो.

"लय नीट घातलंय. थेंब थेंब, वरून पुसून," मिस्त्री म्हणाला. "आजींच्या दाराला काय धोका नाय. कोण घालतं हो या दाराला तेल?"

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मला खरं सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं.

"मीच," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे बघितलं. वहिनींनी कप मिस्त्रीच्या हातात दिला.

"हो, भाऊजीच घालतात," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी सकाळी, आई बसायच्या आधी. एक गुरुवार चुकवत नाहीत."

इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. मिस्त्रीने चहाचा घोट घेतला, फडक्यावर मांडलेल्या झिजलेल्या पिनांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मग बाकीच्या तीन दारांनी तुमचं काय घोडं मारलं होतं, साहेब?"