हजेरीपटावरची पोर

मी तोंडाळ बाई. खोटं खपवून घेत नाही असं आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत माझं नाव आहे. आणि आज जे सांगतेय ते माझ्याच हातानं लिहिलेलं खोटं आहे.

ईटच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला आमची शाळा, आठवीपर्यंतची. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं, ते गुढीपाडव्यालाच परततं. मुकादम माणसं मोजतो कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. आईबापांबरोबर पोरंही जातात. पण पट घसरला तर शाळा बंद पडेल ही आम्हाला कायमची धास्ती. म्हणून गेलेल्या पोरांचीही हजेरी आम्ही भरायचो. आधीच्या गुरुजींनी भरली, मग आम्हीही भरली. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे हो, शाळा वाचावी म्हणून.

एका वर्षी तालुक्याला, भूमला, आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पाहुण्या साहेबांनी पडद्यावर एक चढती रेघ दाखवली. म्हणाले, "मूल किती वर्षं शाळेत गेलं आणि काय शिकलं, हे देशाचं मानवी भांडवल. ते वाढलं की देशाचं उत्पन्न वाढतं. आणि हे सगळं मोजलं जातं तुम्ही भरलेल्या आकड्यांवरून." मी शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसलं. "आपल्या आकड्यांवर देश चालला तर आई भवानीच राखील!" दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

तेव्हा सातवीत एक पोर होती, तेरा वर्षांची. मधल्या सुट्टीत मला पेपर वाचून दाखवायची, फाडफाड. मध्येच थांबून विचारायची, "बाई, हे सगळं खरं असतंय का हो?" मी म्हणायची, "वाच तू, आगाऊ कुठली!" तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा ती आजीपाशी राहायची, म्हणून तिची शाळा कधी बुडाली नव्हती. श्रावणात आजी वारली.

तिची आई शाळेत आली, दारातच उभी राहिली. "बाई, आता हिला कुणापाशी ठिवू? एवढी पोर एकटी घरात न्हाय ठिवता येत. तुमी ते हंगामी वसतिगृह आणा की गावात. तिथं जेवायला-झोपायला मिळतंय म्हणं. मग ऱ्हाईल ती हितंच."

"जा निर्धास्त," मी म्हटलं. "मी आणते."

मागणीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, गेल्या वर्षी स्थलांतर झालेली मुलं किती. मुख्याध्यापक म्हणाले, "शून्य लिहा, बाई."

"अहो, मग वसतिगृह कोण देईल आपल्याला?"

"गेल्या वर्षी सगळ्यांची हजेरी भरलीय आपण. आता पोरं गेली होती म्हणालात तर दोघंही घरी बसू."

मी लई तणतणले. टेबलावर पेन आपटलं. मग तेच पेन उचलून शून्य लिहिलं.

दसऱ्याच्या तोंडावर उत्तर आलं. तुमच्या गावात स्थलांतर नाही, सबब वसतिगृहाची गरज नाही. चार दिवसांनी ट्रॅक्टर आले. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या पोत्यावर ती बसली होती, दप्तर मांडीवर घट्ट धरून. "पाडव्याला येते, बाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पटावर तिच्या नावापुढं हजर मांडलं, आणि मग रोज मांडत गेले.

सव्वीस जानेवारीला तालुक्याहून प्रमाणपत्रं आली, शंभर टक्के उपस्थितीची. एकावर तिचं नाव होतं. ते पुकारल्यावर टाळ्या वाजल्या. कुणी उठेना, तसं मीच पुढं होऊन ते घेतलं.

पाडव्याला ती परतली तेव्हा हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. मी प्रमाणपत्र दिलं. वाचायला लागली तर अडखळत, बोट ठेवून. "शं... शंभर टक्के उप... उपस्थिती." मग माझ्याकडं बघितलं. "बाई, ह्यात तर मी रोज शाळंत होते."

मी, तोंडाळ बाई, तिच्या आईकडं वळले. तिची आई कौतुकानं म्हणाली, "औंदा मुकादमानं अर्ध्या कोयत्यावर धरलं तिला. हात लई चलाख हाय पोरीचा." जूनमध्ये आठवीचा पट केला तेव्हा ती वर्गात होती खरी, पण पेपर वाचायला काही आली नाही. मीही बोलावलं नाही. लाज वाटायची मला.

भाद्रपदात पुन्हा फॉर्म आला. या खेपेला मी कुणाला विचारलं नाही. खरा आकडा लिहिला, ऊसतोडीला गेलेली सगळी पोरं मोजून. मुख्याध्यापकांनी बोलणं टाकलं. मला खोट्या हजेरीची नोटीस आली, तिचे खुलासे मी अजून लिहितेय. पण वसतिगृह मंजूर झालं! समाजमंदिरात गाद्या आल्या, स्वयंपाकाला दोन बाया ठरल्या. ती पोर आठ-दहा दिवस शाळेत आली नव्हती, मी तशीच तडक तिच्या घरी गेले.

दारात एक अनोळखी पोरगा कोयत्याला धार लावत होता. दुसरा कोयता शेजारी ठेवलेला. आई बोचकी बांधत होती.

"अगं, आलं वसतिगृह! पोरीला ठेव आता!"

आईनं गाठ मारून घेतली, मगच मान वर केली. "उशीर केला तुमी, बाई. औंदा तिचा पुरा कोयता झालाय."

आतून ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातभर हिरव्या बांगड्या होत्या. तांब्या माझ्यापुढं ठेवून हळूच म्हणाली, "बाई, पेपर आणलाय का?"

मी आणला नव्हता.