दसऱ्याच्या सफाईत उडालेला कंट्रोलर

दोस्तहो, आज डोकं फिरलं आहे, म्हणून इथे मोकळा होतो.

चोरखमाऱ्याच्या तलावावर पोहायला निघालो होतो, तर गोंदियातल्या एका राइस मिलच्या मुनीमजींचा फोन; त्यांचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो. त्यांच्या वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बनवलेल्या दुसऱ्या नकली कॉम्प्युटरवर चालतं, आणि ते मशीन सुरूच होईना. तसाच मिलवर पोहोचलो, तर बाहेर धानाचे उघडे ट्रॅक्टर उभे.

"काऊन गा, काटा कवा होईल? आभाळ भरून राहिलं ना!" एक शेतकरी ओरडला.

मी कमांड देऊन मशीनची माहिती काढली. स्टोरेज कंट्रोलरच गायब! म्हणजे डिस्क जोडायला जागाच नाही.

"मुनीमजी, इथं काय केलं?"

"कुछ नहीं, भाऊ. काल दसऱ्याची पूजा होती, तर आतूनबी सफाई केली. एका जागी 'एम्प्टी' लिहून होतं. रिकामं कायले ठेवायचं?"

ती सीडीची रिकामी जागा होती. ती काढताना यांनी डिस्कसकट अख्खा कंट्रोलर उडवला. नशीब, डिस्कची फाइल शाबूत होती. नवा कंट्रोलर बनवून ती जोडली, काटा सुरू झाला.

पण तोवर पाऊस आलाच. त्या शेतकऱ्याचं धान भिजलं आणि शिव्या मला पडल्या, कारण कॉम्प्युटरसमोर मी बसलो होतो. मुनीमजी तिकडे कालच्या पूजेचा प्रसाद वाटून राहिले होते.

आता तुम्हीच सांगा, मशीनची इतक्या भक्तीनं पूजा करणाऱ्या माणसाला मशीनपासून दूर कसं ठेवायचं?