सीमाभागात तणाव, स्टँडवर भडंग

आज कोल्हापुरात आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळीच तिला घेऊन निपाणी स्टँडवर गेलतो, पण बस काय सुटंना.

वैतागून मोबाईल उघडला. वर यानानं काढलेला शनीच्या कड्यांचा फोटो, अगदी स्वच्छ. खाली कुणाच्या तरी कुत्र्याचं प्रोफाईल, 'मी ब्रुनो, मला पनीर आवडतं.' त्याच्या खाली बातमी: 'सीमाभागात तणाव!'

मान वर केली. सगळा सीमाभाग समोर भडंग खात बसलेला.

कंट्रोलरला विचारलं, "अण्णा, गाडी का सोडंना झालाय?"

"बातमी बघून वरनं गाड्या थांबवल्यात."

"पण इथं झालंय काय?"

"मलाबी कळंना. तुमच्या मोबाईलवर काय आलंय?"

ऑपरेशन हुकलं. मंडळी, फोटो काढायला शनीपर्यंत यान जातंय. निपाणीत काय चाललंय बघायला एक माणूस पाठवता येत न्हाय व्हय?