आण्णांच्या मानाची काच

गेवराईत बायपासला लागून उत्तरेश्वरचं काचेचं दुकान आहे. आत शिरणारा माणूस आधी स्वतःलाच दहा ठिकाणी बघतो, केस सारखे करतो आणि आपण कशासाठी आलो ते विसरतो. उत्तरेश्वर मात्र आरशात कधी बघत नाही. कुणी छेडलं तर म्हणतो, "रोज तेच थोबाड कावून बघायचं?"

खरं कारण त्याच्या डाव्या गालावर आहे. गडी मूळचा उमापूरचा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. साखर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढला. एकदा शेजारची कोपी पेटली. माणसं सगळी बाहेर होती, वाचली. पोरगा उत्तरेश्वर तर चांगला लांब उभा होता, जाळ त्याला शिवलासुद्धा नाही. तरी नुसत्या झळीनं गाल भाजला. जाळ तिकडं आणि चटका इकडं, हे गणित त्याला तेव्हापासून पाठ.

म्हणूनच गावात ज्यांचा शब्द चालतो त्या धोंडीराम आण्णांच्या नव्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा तो अडून बसला. जिन्याला लागून इन्व्हर्टर-बॅटऱ्यांची खोली, मधे काच, म्हणजे जिन्यावर उजेड येईल. नकाशात नुसतं 'आगीची काच' लिहिलेलं. पण अशा काचेत दोन जाती. एक जाळ-धूर अडवते, झळ मात्र आरपार सोडते. दुसरीत थरांच्या मधे असं काही भरलेलं असतं की आग लागली की ते फुगतं, काच पांढरीफटक होते आणि झळ पलीकडंच राहते. उत्तरेश्वर म्हणाला, दुसरीच. वरच्या मजल्यावर बाळंतिणी, तान्ही लेकरं. उतरायला मुख्य जिना तोच. आणि त्याची लेक करिष्मा तिथंच नर्स म्हणून लागणार होती. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिला. ही काच जागेवर कापता येत नाही, म्हणून माप कळवून काचेच्या कारखान्यातूनच करून मागवली.

इथवर सगळं बरोबर झालं. मग उत्तरेश्वरनं मान दिला.

आमच्याकडं नवी वस्तू आली की पहिला मान आण्णांचा. नवा ट्रॅक्टर आला, आधी आण्णा बसणार. चक्की लागली, पहिलं पीठ आण्णांकडं. परवा सलूनमध्ये फिरती खुर्ची आली, तर आण्णांची दाढी होईपर्यंत निम्मं गाव खुंट वाढवून बसलं. काच आली आणि उत्तरेश्वर ती गुपचूप बसवायची सोडून नमुन्याचा तुकडा घेऊन आण्णांच्या बंगल्यावर गेला.

अंगणात त्यानं तुकडा चिमट्यात धरला. एका बाजूनं गॅसचा बर्नर पेटवला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा तळवा टेकवला. काच दुधासारखी झाली. हात तसाच.

"भाजत न्हाई का बे?"

"न्हाई आण्णा. बघा की लावून."

आण्णांनी भीतभीत बोट लावलं, मग अख्खा पंजा. "आयला! एसी हाय का ह्यात?" बैठकीतली माणसं हसली. आण्णा हसले नाहीत. ते बंगल्याच्या पश्चिमेकडच्या आपल्या केबिनकडं बघत होते. दुपारी तिथं भट्टी होते.

"उत्तरेश्वर, ही माझ्या केबिनला लाव."

"आण्णा, ही जिन्याची हाय. आन् ही उन्हात लावू नये, खराब हुती."

"वा रे वा! जी ऊन सोसत न्हाई ती आग काय अडवणार?"

बैठकीनं माना डोलावल्या. आण्णा पुढं म्हणाले, "आन् जिन्याला दुसरी मागवू की. पळून चाललाय का जिना?"

काच केबिनच्या खिडकीला बसेना. कापता तर येत नाही. मग आण्णांनी गवंडी बोलावून भिंतच फोडली आणि काचेच्या मापाची खिडकी केली. दुसरी काच यायला वेळ लागणार आणि उद्घाटनाची तारीख पुढाऱ्यांना विचारून ठरलेली, ती हलेना. जिन्याला साधी काच लागली. कुणी लावली? उत्तरेश्वरनंच. हाताला सवय, बसली पण फक्कड.

मे महिन्यात केबिनची काच रुसली. आधी कडेला बुडबुडे आले, मग सगळीवर साय धरली. आण्णांनी बोलावून घेतलं.

"मोतीबिंदू झाला रे तुझ्या काचेला! काढ ती, काळी लाव."

"काढतो. आण्णा, जिन्याची तेवढी मागवायची ऱ्हायली..."

"जिन्याची? चकचकीत तर हाय ती! जी बिघडली ती सोडून चांगलीच्या मागं लागतो. लई भोळा तू."

बैठक पुन्हा हसली. उत्तरेश्वरही हसला, आण्णांच्या बैठकीत एकट्यानं गप्प राहणं जमत नाही.

तिथून तो दवाखान्यात आला. जिन्यात कुणी नव्हतं. काचेपलीकडं इन्व्हर्टर गुणगुणत होता. त्यानं तळवा काचेवर टेकवला, अंगणात टेकवला होता तसा. काच कोमट लागली.

वरून करिष्मा डबा घेऊन उतरत होती.

"पप्पा, हात लावून काय बघताय?"

"काय न्हाई. बाई, तू मागच्या जिन्यानं येत-जात जा."

"मागच्या जिन्यात आण्णांच्या वाढदिवसाचे बॅनर कोंबलेत, पप्पा. दारच उघडत न्हाई."

तिनं पदरानं काचेवरचा त्याच्या हाताचा ठसा पुसला. "डाग दिसला की डॉक्टरसाहेब ओरडतात," म्हणाली आणि जेवायला खाली गेली.